सूप भरलेले बाव आणि बोंबील: पूर्व चीनच्या जेवणाबद्दल वाचकांच्या शंका

या महिन्यातल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा आला. शांघाय, हांगझोऊ, निंगबो या बाजूचे पदार्थ देणारी साधी, दहा-बारा टेबलांची रेस्टॉरंटं. मेन्यूकार्डावर ओळखीचं नाव एकही नाही आणि वेटरला काय विचारावं तेही सुचत नाही, अशी बहुतेकांची अडचण आहे. निवडक पत्रं इथे घेतली आहेत. एकाच गोष्टीबद्दलची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: आम्ही चौघं शांघाय पद्धतीच्या एका छोट्या रेस्टॉरंटात जेवलो. पोर्कचा रस्सा गोड, भाजी फिकी, तिखट तर कशातच नाही. शेवटी शेजवान चटणी मागवली. स्वयंपाक बिघडला होता की चवच अशी असते?
— नौपाडा, ठाणे

उत्तर: चव अशीच असते. ‘शेजवान’ हे नाव सिचुआन प्रांतावरून आलं. तो प्रांत चीनच्या नैर्ऋत्येला आहे, शांघायपासून दीड हजार किलोमीटरांहून लांब. आपली लालभडक चटणी तर सिचुआनचीही नाही, ती इथलीच. मंचूरियनही इथलंच. १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वाँग यांनी ते पहिल्यांदा केल्याचं सांगतात. या सगळ्याला त्याची स्वतःची गोडी आहे. पण त्या मापानं शांघायचं जेवण मोजलं तर ते फिकंच वाटणार.

पूर्वेकडचं जेवण म्हणजे मुख्यतः यांगत्से नदीच्या मुखाजवळचं. त्यात जिआंगसू आणि झेजियांग हे प्रांत आणि शांघाय शहर येतं. नद्या, तळी, खाड्या आणि भातशेतीचा हा मुलूख, त्याला तिथे ‘मासे आणि तांदळाचा प्रदेश’ म्हणतात. मिरची जवळजवळ नाही. चव उभी राहते ती सोया सॉस, साखर, शाओशिंगची तांदळाची वाइन आणि काळं व्हिनेगर या चार गोष्टींवर, सोबत आलं आणि कांद्याची पात. त्यातही गावागावांत फरक आहे. शांघायचा रस दाट, तेलकट आणि तांबडा असतो. वूशी शहराचं जेवण सगळ्यांत गोड, हांगझोऊचं हलकं, निंगबोचं समुद्राकाठचं आणि खारट. म्हणून ‘चायनीज आहे का’ याऐवजी ‘तुमच्याकडे कुठल्या गावचं जास्त आहे’ असं विचारलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

तुम्ही खाल्लेला रस्सा बहुधा होंगशाव रोऊ असावा. यात डुकराच्या पोटाकडचे चरबीचे थर असलेले, कातडीसकट तुकडे घेतात. ते आधी उकळून फेस काढतात. थोड्या तेलात खडीसाखर तांबूस होईपर्यंत वितळवतात, त्यात तुकडे परततात, मग वाइन, दोन प्रकारचे सोया सॉस (खारटपणासाठी पातळ ‘लाइट’, रंगासाठी गडद ‘डार्क’) आणि गरम पाणी घालून मंद आचेवर तास-दीड तास ठेवतात. शेवटी आच वाढवून रस आटवतात. त्याची चकाकी आटवण्यातून आणि कातडीतल्या जिलेटिनमधून येते, कॉर्नफ्लोअरमधून नव्हे. पारख करायची तर रस ओठाला लावून बघा. नीट केलेला रस ओठ किंचित चिकट करतो आणि त्यातून आरपार दिसतं. कॉर्नफ्लोअरचा रस ढगाळ असतो आणि गार झाला की चमच्यातून गोळ्यानं पडतो. गोडापाठोपाठ सोयाचा खारा, खोल स्वाद आला नाही, तर साखर शेवटी वरून टाकलेली असते. तसं असेल तर तुमची तक्रार बरोबर आहे.

भाजीचंही तसंच. पालेभाजी तापलेल्या कढईत मिनिटभर परतून, मीठ आणि चिमूटभर साखर घालून आणतात. ती फिकी असणं हा दोष नाही. पिवळी पडलेली असेल किंवा ताटलीत पाणी साठलं असेल, तर दोष.

राहिला प्रश्न खाण्याच्या पद्धतीचा. चिंचगुळाची आमटी आपण वाटीवर वाटी पीत नाही, भातावर घेतो. हा रस्साही तसाच आहे. साध्या पांढऱ्या भातावर एक तुकडा आणि चमचाभर रस, मग फिक्या भाजीचा घास, मग पुन्हा रस्सा. नुसताच खाल्ला तर तिसऱ्या तुकड्याला नकोसा होतो. चटणीऐवजी काळं व्हिनेगर आणि आल्याच्या काड्या मागा. चरबीचा जडपणा त्यानं कापला जातो आणि मूळ चव झाकली जात नाही.

प्रश्न: सूप भरलेले डम्पलिंग उचलताना फाटले आणि सगळं सूप टोपलीत गेलं. दुसरा अख्खा तोंडात टाकला तर टाळू भाजली. खायची रीत काय? आणि आत सूप भरतात कसं?
— सेक्टर ८, ऐरोली

उत्तर: आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळू, कारण रीत त्यातूनच कळते. सूप द्रव रूपात भरतच नाहीत. डुकराची कातडी तासन्‌तास उकळून तो रस थंड करतात, त्याची जेली होते. जेली बारीक चिरून खिम्यात मिसळतात आणि ते सारण पारीत भरतात. वाफेवर जेली वितळते, तेच सूप. जिलेटिन साधारण ३५ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून वाफेत ते पूर्ण पातळ होतं आणि टोपली टेबलावर गार होत गेली की पुन्हा घट्ट व्हायला लागतं. दरम्यान पारी ते सूप शोषून घेते आणि नरम पडते. तुमची फाटली ती बहुधा याच कारणानं.

याचं नाव शियाओलोंगबाव. ‘शियाओलोंग’ म्हणजे छोटी टोपली, ‘बाव’ म्हणजे सारण भरून मिटवलेला गोळा. शांघायजवळच्या नानशियांग गावाची यासाठी ख्याती आहे.

टोपली आली की मिनिटभर थांबा, पण पाच-सहा मिनिटांत संपवा. फोटो काढायचा तर त्या पहिल्या मिनिटात. चॉपस्टिक्सनं वरच्या गाठीला धरा, कुशीला नाही. आधी हलकेच डावी-उजवीकडे हलवून बूड सुटतंय का बघा, मग उचला आणि लगेच खोलगट चमच्यात ठेवा. कडेला छोटं भोक पाडा, वाफ जाऊ द्या, सूप चमच्यात उतरवून प्या. मग उरलेल्या बावावर व्हिनेगरचे दोन-चार थेंब आणि आल्याच्या दोन काड्या घालून घास घ्या. काटा टोचायचा नाही. व्हिनेगरमध्ये आधी बुडवायचंही नाही, सूपची चव बिघडते.

चांगला बाव उचलल्यावर पिशवीसारखा खाली लोंबतो. वरची गाठ कच्ची किंवा कडक लागता कामा नये. गोठवून ठेवलेल्या बावांच्या पारीला बारीक भेगा पडलेल्या असतात आणि सूप आधीच गेलेलं असतं. बूड सगळ्याच बावांचं चिकटत असेल तर टोपलीत कोबीचं पान, कापड किंवा कागद घातला नव्हता, असं समजा. टोपली परत पाठवायला संकोच करू नका, तो स्वयंपाकघराचा दोष आहे.

मेन्यूवर शेंगजियानबाव दिसला तर तो याचा भाऊ. पारी जाड आणि थोडी फुगवलेली असते. तव्यावर तेलात ठेवून पाणी घालून झाकतात, त्यामुळे तळ कुरकुरीत आणि वरचा भाग वाफवलेला. तीळ आणि पात भुरभुरलेली असते. यात सूप जास्त उसळतं, तेव्हा पहिला चावा छोटा घ्या आणि शर्ट सांभाळा.

प्रश्न: हेच घरी मोदकपात्रात होतील का? पोर्क आम्ही खात नाही.
— कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर: होतील. ज्यांना मोदकाच्या कळ्या जमतात त्यांचं अर्धं काम झालंच आहे.

कोंबडीचे १ किलो पाय स्वच्छ करून २ लिटर पाण्यात, आल्याचे तुकडे घालून तीन तास मंद उकळा. रस गाळून साधारण अर्धा लिटर राहील इतका आटवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी सुरीनं कापता येईल अशी जेली हवी. थरथरून पसरत असेल तर पुन्हा आटवा. ३०० ग्रॅम खिम्याला १५० ते २०० ग्रॅम जेली घ्या. खिमा मांडीचा घ्या, छातीचा कोरडा पडतो. त्यात दीड चमचा लाइट सोया, अर्धा चमचा साखर, आल्याचं पाणी आणि थोडी पात घाला. खिमा आधी एकाच दिशेनं चिकट होईपर्यंत फेटा, जेली शेवटी मिसळा आणि सारण पुन्हा फ्रीजमध्ये ठेवा.

पारीला २०० ग्रॅम मैदा आणि १०० मिली पाणी, झाकून अर्धा तास. तांदळाची उकड इथे चालत नाही. तिला ताण सहन होत नाही, सूप वितळलं की ती चिरते. १० ग्रॅमच्या गोळीची ८ ते ९ सेंटिमीटरची पारी लाटा. कडा पातळ, मध्य जरा जाड, कारण सगळं वजन तळावर येतं. १५ ग्रॅम सारण भरून कळ्या पाडा आणि टोक घट्ट मिटवा. मोदकासारखं लांब नाक काढलं तर ते कच्चं राहतं.

आपल्या दमट हवेत गोष्टी इथे बिघडतात. भरलेले बाव ओट्यावर दहा मिनिटं राहिले तरी सारणाचं पाणी पारीत उतरतं. म्हणून सहा-सहाच करा आणि लगेच वाफवा. दुसरा घोळ मोदकपात्राच्या झाकणाचा. बांबूची टोपली वाफ शोषते, स्टीलचं झाकण तिचे थेंब करून बावांवर पाडतं आणि पारी गळते. झाकणाला पंचा घट्ट बांधा. पाणी खळखळून उकळल्यावरच चाळणी ठेवा. मोठ्या आचेवर ७ ते ८ मिनिटं पुरेत.

शाकाहारी सारणात भाज्यांच्या रसाची अगर-अगरची (चायना ग्रासची) जेली घालतात. अगर ८५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून जेली अगदी बारीक चिरा आणि दोन मिनिटं जास्त वाफवा. ते ४० अंशांखाली पुन्हा घट्ट होतं, त्यामुळे वाढल्यावर आणखी घाई हवी.

प्रश्न: सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. अशा ठिकाणी त्यांनी खावं असं काही असतं का? वेटर सगळ्यालाच ‘व्हेज आहे’ म्हणतो.
— वाशी, नवी मुंबई

उत्तर: भरपूर असतं, आणि ते नाइलाजाचं जेवण नाही. बौद्ध विहारांमुळे या भागात शाकाहारी स्वयंपाकाची जुनी परंपरा आहे. अडचण पदार्थांची नाही, प्रश्नाची आहे. ‘व्हेज आहे ना?’ याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं, कारण वेटर वर दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलतो. त्याऐवजी हे विचारा: सूप आणि रसाला स्टॉक कशाचा? पिठात किंवा गोडाच्या सारणात चरबी कुठली? ऑयस्टर सॉस (कालवांचा) पडतो का? नूडल्समध्ये अंडं आहे का? सुकी कोलंबी घालता का? वाफवायची टोपली आणि तळणीचं तेल वेगळं आहे का?

प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. पातीच्या तेलातल्या नूडल्स दिसायला निव्वळ शाकाहारी असतात, पण त्यांच्या एका प्रचलित प्रकारात आपल्या सोड्यांसारखी सुकी कोलंबी असते. निंगबोचे काळ्या तिळाचे तांगयुआन म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे गोड गोळे. त्यांचं सारण परंपरेनं डुकराच्या चरबीत बांधतात, कारण ती गरम झाली की सारण वाहतं होतं. इथली रेस्टॉरंटं तिच्या जागी लोणी किंवा तेल वापरू शकतात. पण विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

मागवण्यासारखं म्हणजे पहिला काओफू. गव्हाच्या ग्लुटेनचा हा स्पंजासारखा तुकडा मशरूम, काळी बुरशी (हीही खायची मशरूमच) आणि शेंगदाण्यांबरोबर गोडसर सोयात शिजवतात आणि थंड वाढतात. त्यात रस पुरेपूर मुरलेला हवा. दाबल्यावर कोरडा वाटला तर नीट शिजलेला नाही. दुसरा शाकाहारी बदक. टोफूच्या सालीत मशरूम गुंडाळून, तळून, रसात मुरवून काप करतात. नावानं दचकू नका, पण स्टॉक तेवढा विचारा. तिसरे सोयात आटवलेले बांबूचे कोंब. पावसाळ्यात ठाण्याच्या बाजारात रानभाज्यांसोबत वास्ते येतात, त्याच जातकुळीतले. (घरी करायचे तर सोलून किमान अर्धा तास उकळून पाणी फेकाच, कच्च्या कोंबांत विषारी घटक असतात.) शिवाय सुक्या टोफूचे बारीक धागे आणि परतलेली पालेभाजी.

ग्लुटेन चालत नसेल त्यांनी काओफू टाळावा आणि सोया सॉसही, कारण त्यात बहुतेकदा गहू असतो. जैन जेवण मात्र इथे कठीण आहे. पात आणि आलं जवळपास प्रत्येक पदार्थात असतं. आधी फोन करून सांगितलं तर टोफू आणि भाजीचा एखादा पदार्थ वेगळा होऊ शकतो.

दारू वर्ज्य असलेल्यांसाठी एक सूचना. ‘ड्रंकन चिकन’मध्ये शिजलेली कोंबडी शाओशिंग वाइनमध्ये थंडच मुरवतात, त्यामुळे अल्कोहोल तसंच राहतं. मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ते देऊ नये. आंबवलेल्या गोड भाताच्या सूपमध्येही थोडं अल्कोहोल असतं.

प्रश्न: आम्ही मासे खाणारी माणसं. मेन्यूत नद्यांतलेच मासे दिसले. आपल्या समुद्रातलं त्यांच्याकडे काही चालतं का?
— चेंदणी कोळीवाडा, ठाणे

उत्तर: या पत्रानं आम्हाला खरोखर आनंद झाला, कारण इतका जवळचा दुवा क्वचितच कुणी विचारतं. झेजियांगच्या किनाऱ्यावर बोंबील खातात. आपलाच बोंबील, तीच जात. निंगबो आणि झोउशान बेटांच्या बाजूला ताजे बोंबील मऊ टोफूबरोबर शिजवतात आणि खारवून सुकवलेले तळून भाताशी किंवा पेजेशी घेतात.

फरक पाण्याचा आहे. आपण तळायच्या आधी बोंबलावर वजन ठेवून पाणी काढतो. तिथे ते पाणीच रस म्हणून वापरतात. पातेल्यात थोडं तेल, आल्याच्या काड्या, तीन बोटं लांबीचे बोंबलाचे तुकडे, एक वाटी गरम पाणी, मऊ टोफूचे चौकोन, मीठ. झाकून चार-पाच मिनिटं, वर पात. चमचा घालायचा नाही, पातेलं धरून हलवायचं, नाहीतर बोंबील विरघळून जातो. बोंबील त्या दिवशीचाच हवा. दुसऱ्या दिवशीच्या बोंबलाचा वास या साध्या रसात लपत नाही, तिथे आपलं आगरी कालवणच बरं.

आपली वाकटी ज्या कुळातली, त्याच कुळातला रुपेरी पट्टीसारखा मासा झोउशानची शान आहे. तो सोया-साखरेत आटवतात किंवा नुसता वाफवतात. मांदेलीच्याच वंशातला मासा शांघायकडे कुरकुरीत तळून डबाबंद मिळतो. पापलेटही त्यांना प्रिय आहे. त्याच्या किंवा कार्पच्या तुकड्यांचा ‘स्मोक्ड फिश’ मेन्यूत असतो. नाव धुराचं असलं तरी शांघायच्या पद्धतीत धूर नसतो. खरपूस तळलेला मासा गरमागरम असताना थंड गोड-मसालेदार सोयात बुडवतात आणि गारच वाढतात.

गोड्या पाण्यातला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे हांगझोऊचा वेस्ट लेक व्हिनेगर फिश. उकळत्या पाण्यात शिजवलेल्या ग्रास कार्पवर आंबटगोड काळा रस. त्या माशाचे दोन फाटे असलेले बारीक काटे मांसात विखुरलेले असतात. पापलेट-रावसाची सवय असलेल्या मुलांना तो देताना जपा.

हंगामाचंही लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात ‘आजचा ताजा’ असा समुद्री मासा अख्खा वाफवून देतो म्हणाले तर कुठून आला ते विचारा. वाफवलेल्या माशाला मसाल्याचा आडोसा नसतो. अर्ध्या किलोच्या ताज्या माशाला आठेक मिनिटं पुरतात, मणक्याजवळ मांस नुकतं सुटलेलं दिसायला हवं.

प्रश्न: सहा जणांसाठी किती आणि कोणत्या क्रमानं मागवावं? मागच्या वेळी सगळं एकदम आलं आणि निम्मं गार झालं.
— खारघर, नवी मुंबई

उत्तर: अशा साध्या ठिकाणी जे तयार होईल ते बाहेर येतं. स्टार्टर, मेन कोर्स अशी रांग नसते. त्यामुळे क्रम तुम्हीच लावायचा. बसल्या बसल्या अख्खा मासा आणि होंगशाव सांगा, आणि दोन थंड पदार्थ, जे लगेच येतात. ते अर्धे संपत आले की पालेभाजी, एक टोफू आणि सूप. बाव सगळ्यांत शेवटी सांगा, दोन टोपल्या. ते आले की बाकी सगळं बाजूला ठेवून तेच खायचे. भात हवा असेल तर आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर तो जेवणाच्या अखेरीस येऊ शकतो.

साधा हिशेब: माणसं जितकी तितके पदार्थ, सूप, भात आणि बाव वेगळे. एकाच जेवणात तांबड्या गोड रसाचा पदार्थ एकच. दोन मागवले की दोन्ही एकसारखे लागतात, आणि ‘सगळं गोडच होतं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते. यांगझोऊ फ्राइड राइस मागवलात तर तो पांढरा-पिवळा असायला हवा. अंडं, कोलंबी, हॅम, मटार. तपकिरी आला तर सोया सॉस घालून आपला नेहमीचा केलेला आहे. वाढायचा चमचा वेगळा मागा. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचून ठेवू नका. तिथे मृतांसमोर उदबत्त्या तशा लावतात, ते अशुभ मानतात.

प्रश्न: घोडबंदर रोडवर राहतो. पार्सल मागवलेले बाव एकमेकांना चिकटून येतात. गरम कसे करावेत?
— कासारवडवली, ठाणे

उत्तर: बाव पार्सल मागवू नका. डब्यातली वाफ पारी भिजवते आणि अर्ध्या तासात सूप पारीत मुरतं. गरम करून ते परत येत नाही. आलेच असतील तर मायक्रोवेव्ह न करता तेल लावलेल्या चाळणीत चार मिनिटं वाफवा. पार्सलला होंगशाव, काओफू आणि थंड पदार्थ उत्तम, होंगशाव तर दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. भात उरला तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि एकदाच, पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करायचा.

प्रश्न: बिलात १० टक्के सेवाशुल्क लावलं होतं. द्यावंच लागतं का?
— सीवूड्स, नवी मुंबई

उत्तर: नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या सूचना वैध ठरवल्या. काढून मागा, नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, तो वेगळा.

प्रश्न: पातीच्या तेलातल्या नूडल्स घरी केल्या, पण कडू झाल्या. काळं व्हिनेगर आणि शाओशिंग वाइन जवळच्या दुकानात मिळत नाही, त्याचंही सांगा.
— नेरूळ, नवी मुंबई

उत्तर: कडूपणाची तीन कारणं संभवतात. पात ओली होती, आच मोठी होती, किंवा पातीखालचा कांदाही सगळा घातला. बाजारातल्या पातीला मोठा कांदा असतो. तो घ्यायचाच नाही. हिरवी पात आणि वरचा थोडा पांढरा दांडा एवढंच.

दोघांना पुरून तेल उरेल असं प्रमाण: १५० ग्रॅम पात, १०० मिली वास नसलेलं तेल. घाण्याचं शेंगदाणा तेल नको, त्याचा वास पातीवर बसतो. पात धुऊन कापडावर पूर्ण वाळवा आणि बोटभर लांबीचे तुकडे करा. तेल कोमट असतानाच पांढरा भाग घाला, पाच मिनिटांनी हिरवा. आच मंदच, एकूण १५ ते २० मिनिटं. आधी पात मऊ पडते, बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं, आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत रंग झपाट्यानं बदलतो. तिथून हलू नका. तपकिरी झाली की लगेच काढा, बाहेर काढल्यावरही ती गडद होत राहते. काळी होण्याची वाट पाहिली की कडूपणा तेलात उतरतो आणि मग काही उपाय नाही.

गॅस बंद करा, तेल दोन मिनिटं निवू द्या. तीन मोठे चमचे लाइट सोया, एक मोठा चमचा डार्क सोया आणि एक मोठा चमचा साखर एकत्र करून हळूहळू घाला. गरम तेलात ओतलं तर ते अंगावर उडतं. मंद आचेवर मिनिटभर उकळून साखर विरघळवा. सोया घेताना बाटलीवरचे घटक वाचा. सोयाबीन आणि गहू आंबवून केलेला हवा, नुसतं मीठ, पाणी आणि कॅरमेलचा रंग नको.

नूडल्स मीठ न घालता उकळा, कारण सोया खारट असतो. हाक्का नूडल्ससारख्या गार पाण्यानं धुऊ नका, वरचा चिकटपणा गेला की तेल धरत नाही. निथळून लगेच वाडग्यात दोन मोठे चमचे तेल-सोयाचं मिश्रण घाला, नूडल्स टाकून तळापासून वर कालवा आणि कुरकुरीत पात वर ठेवा. सर्वात मोठी चूक जास्त मिश्रण घालण्याची. तळाशी रस साठता कामा नये. उरलेलं बाटलीत भरून फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं.

काळं व्हिनेगर झेनजियांगचं प्रसिद्ध, चिकट तांदळाचं, आंबटपेक्षा जास्त मुरलेलं. नसेल तर दोन मोठे चमचे तपकिरी माल्ट व्हिनेगर, अर्धा लहान चमचा साखर आणि सोयाचे चार थेंब. लेबलवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं पांढरं व्हिनेगर नको, ते नुसतं बोचतं. शाओशिंगच्या जागी ड्राय शेरी तितकीच. दारू नको असेल तर सरळ वगळा, आलं थोडं वाढवा आणि पाण्याऐवजी चांगला स्टॉक घ्या. ‘कुकिंग वाइन’ म्हणून मिळणाऱ्या बाटलीत बहुधा मीठ असतं, ती वापरली तर सोया एक चमचा कमी करा.